सव्वानऊच्या आधी

दक्षिण वेल्समधले ॲबरफॅन. शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६. सकाळी सव्वानऊ वाजता गावावरच्या डोंगरउतारावर रचलेला कोळसाखाणीचा टाकाऊ ढिगारा घसरला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ११६ मुले होती.

ढिगारा खाली यायला काही मिनिटेच लागली. त्याची तयारी मात्र पन्नास वर्षे चालली होती. म्हणून या घटनाक्रमात घड्याळाच्या आधी कॅलेंडर येते.

१९१६. पन्नास वर्षे आधी.

टाफ नदीच्या अरुंद खोऱ्यात मर्थर व्हेल खाणीचे काम १८६९मध्ये सुरू झाले. कोळशाबरोबर दगड, माती, राख असा बराच टाकाऊ माल निघे. सुरुवातीची वर्षे तो खोऱ्याच्या तळाशीच टाकला गेला. पण सपाट जागा थोडी होती. खाण, रेल्वे आणि घरे यांनी ती व्यापली.

१९१६मध्ये हा माल पहिल्यांदा डोंगराच्या उतारावर नेऊन टाकण्यात आला. एक ढिगारा भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. उताराच्या पायथ्याशी ॲबरफॅन वाढत होते.

५ डिसेंबर १९३९. सत्तावीस वर्षे आधी.

त्याच खोऱ्यात, काही मैल खाली, किल्वनिद येथे सुमारे १ लाख ८० हजार टनांचा असाच एक ढिगारा घसरला. रस्ता गाडला गेला. कोणी दगावले नाही.

त्यानंतर खाणकंपनीने एक टिपण तयार केले. विषय होता, खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यांचे घसरणे. ढिगाऱ्याखाली पाणी साचू देऊ नये, त्याला वाट करून द्यावी, हा त्यातला मुख्य मुद्दा. टिपण फाइलला लागले.

१९४४. बावीस वर्षे आधी.

ॲबरफॅनच्या वर चौथा ढिगारा घसरला. तो दोन ओढ्यांमधल्या दलदलीच्या जागी उभारलेला होता. माल उतारावर पंख्यासारखा पसरला आणि गावाच्या वरच थांबला. याही वेळी कोणाला इजा झाली नाही.

चौथा ढिगारा बंद झाला, पाचवा सुरू झाला. घसरणीची खूण डोंगरावर तशीच राहिली. गावातून मान वर केली की ती दिसे.

१ जानेवारी १९४७. वीस वर्षे आधी.

ब्रिटनमधल्या कोळसाखाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. मर्थर व्हेल खाण नॅशनल कोल बोर्डाकडे आली. खाणीबरोबर ढिगारेही आले. ढिगाऱ्यांच्या स्थैर्याविषयी देशात एकही कायदा नव्हता. बोर्डाचे धोरणही नव्हते.

ईस्टर, १९५८. साडेआठ वर्षे आधी.

सहावा ढिगारा पसरत एका शेतकऱ्याच्या जमिनीत शिरू लागला. त्याने तक्रार केली. नवी जागा शोधणे भाग पडले.

खाणीचे व्यवस्थापक आणि यांत्रिकी अभियंता उतारावर फिरून आले आणि जागा ठरली. जमिनीत भोक पाडून माती तपासली नाही. रीतसर पाहणी झाली नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर आणि भूगर्भ सर्वेक्षणाच्या नकाशावर त्या जागेतले पाण्याचे प्रवाह छापलेले होते. ते नकाशे कोणी उघडले नाहीत. चौथ्या ढिगाऱ्याची खूण समोर होती. तिच्यावरून कोणी काही ठरवले नाही.

सातवा ढिगारा अंशतः झऱ्यांवर उभा राहिला.

आठ वर्षांनी त्याच्याखाली गेलेली बहुतेक मुले ७ ते १० वर्षांची होती. ढिगाऱ्यावर पहिली वाघीण रिकामी झाली तेव्हा त्यांतली काही तान्ही होती आणि काहींचा जन्म व्हायचा होता. ढिगारा आणि मुले एकाच काळात वाढली.

१९५८ ते १९६३.

या ढिगाऱ्यात दोन प्रकारचा माल पडत होता. एक जाडाभरडा दगडमातीचा. दुसरा कोळसा धुऊन उरलेला बारीक गाळ. हा गाळ पाणी धरून ठेवतो, लवकर सोडत नाही.

उतारावरचा सुट्या मालाचा ढिगारा मुख्यतः एका गोष्टीवर टिकून असतो. कण कणाला घासतो आणि त्या घर्षणाने वरचे वजन तोलले जाते. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी शिरले आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की पाण्याचा दाब वाढतो. दाब कणांना एकमेकांपासून सुटे करू पाहतो. वजन तेवढेच राहते, नव्हे वाढते. घर्षण मात्र कमी होत जाते. ज्या क्षणी घर्षण वजनापुढे हरते त्या क्षणी उतार सुटतो.

माल सैल आणि पाण्याने भरलेला असेल तर आणखी एक गोष्ट होते. ओल्या पुळणीवर उभे राहून पाय जोरात हलवला की पायाखालची घट्ट वाटणारी वाळू एकदम पातळ होते, तसे होते. आतापर्यंत दगडमाती म्हणून उभा असलेला ढीग पाण्यासारखा वाहू लागतो. मग तो उताराच्या पायथ्याशी थांबत नाही.

ॲबरफॅनच्या डोंगरात भेगाळलेला वालुकाश्म आहे. पाऊस त्याच्यात मुरतो. त्यावर हिमयुगात साचलेल्या चिकणमातीचा थर आहे, पाणी सहज न सोडणारा. डोंगरात मुरलेले पाणी या थराखाली अडते आणि जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन वर येते. सातव्या ढिगाऱ्याने त्या वाटांवर हजारो टन माल ठेवला.

जुलै-ऑगस्ट, १९६३. सव्वातीन वर्षे आधी.

ॲबरफॅन ज्या नगर परिषदेच्या हद्दीत होते त्या मर्थर टिडफिलच्या अभियंत्याने पत्र लिहिले. विषयाच्या ओळीतच शाळेचे नाव होते. पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका, असा तो विषय. गाळ इतका पातळ आहे आणि उतार इतका उभा, की हिवाळ्यात किंवा जोराच्या पावसात तो जागेवर राहणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

नगर परिषद आणि कोल बोर्ड यांच्यात पत्रे गेली, पत्रे आली.

त्याच वर्षी मे महिन्यात सातवा ढिगारा थोडा हलला होता. नोव्हेंबरमध्ये तो अधिक मोठ्या प्रमाणात घसरला. ही ढिगाऱ्याची घसरण नाही, वरचा बारीक गाळ वाहून गेला आहे, असा अर्थ बोर्डाने लावला. पुढे गाळ टाकणे थांबले. दगडमाती टाकणे चालू राहिले.

जानेवारी, १९६४. पावणेतीन वर्षे आधी.

नगर परिषदेच्या नियोजन समितीच्या बैठकीत नगरसेविका ग्विनेथ विल्यम्स यांनी मुद्दा मांडला. ढिगारा हलला तर पूर्ण शाळेला धोका आहे, असे त्या म्हणाल्या.

बोलणाऱ्यांपुढे एक अडचण होती. गावाची रोजीरोटी खाणीवर होती. ढिगाऱ्याचा विषय लावून धरला तर खाणच बंद होईल, ही भीती होती. पुढे चौकशीत स्थानिक खासदार एस. ओ. डेव्हिस यांनी ही भीती साक्षीत सांगितली.

१९६५. दीड वर्ष आधी.

पावसात शाळेच्या आवारात काळे पाणी शिरत होते. दोन आयांनी सह्यांचे निवेदन मुख्याध्यापिका ॲन जेनिंग्ज यांच्याकडे दिले. त्यांनी ते नगर परिषदेकडे पोचवले.

त्याच वर्षी दक्षिण वेल्समधल्या दुसऱ्या एका खाणीवर ढिगारा घसरला. मग १९३९चे टिपण फाइलीतून बाहेर निघाले आणि अधिकाऱ्यांना पुन्हा वाटण्यात आले. ढिगाऱ्यांची तपासणी करा, असे कळवण्यात आले. ॲबरफॅनला तपासणी झाली ती वरवरची.

यामागे कामाची एक वाटणी होती. ढिगाऱ्यावर क्रेन होती, रूळ होते, वाघिणी होत्या. म्हणून ढिगारा यांत्रिकी अभियंत्यांच्या खात्यात पडला. त्यांनी यंत्रे पाहिली. खालची जमीन आणि तिच्यातले पाणी स्थापत्य अभियंत्यांचा विषय. पण ढिगारा त्यांच्या खात्यात नव्हता. यंत्रांना मालक होता, उताराला नव्हता.

१ ते २० ऑक्टोबर, १९६६. तीन आठवडे आधी.

महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे १६५ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला जवळजवळ निम्मा तिसऱ्या आठवड्यात.

सातवा ढिगारा आता ३४ मीटर उंच होता. त्यात सुमारे २ लाख २७ हजार घनमीटर माल होता. पैकी सुमारे २३ हजार घनमीटर बारीक गाळ.

माथा अधूनमधून खचत असे. खचला की क्रेन मागे घ्यायची आणि काम पुढे चालू ठेवायचे, ही रीत पडून गेली होती.

गुरुवार, २० ऑक्टोबर. आदली संध्याकाळ.

शुक्रवार हा शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दुपारी बाराला शाळा सुटणार आणि नंतर सत्राच्या मधली सुट्टी लागणार होती.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर. सकाळी ७.३०. उरलेला वेळ १ तास ४५ मिनिटे.

खोऱ्यात दाट धुके होते. खाली पन्नास पावलांपलीकडचे दिसत नव्हते. वर डोंगरावर ऊन होते.

सकाळच्या पाळीचे कामगार ढिगाऱ्यावर पोचले. रात्रीतून माथा सुमारे तीन मीटर खचला होता. क्रेनच्या रुळांचा काही भाग खड्ड्यात गेला होता.

ढिगाऱ्यावर टेलिफोन नव्हता. पूर्वी होता, पण त्याची तार वारंवार चोरीला जात होती.

एका कामगाराला निरोप देऊन खाली खाणीकडे पाठवण्यात आले. तो चालत निघाला.

७.३० ते ९.००.

निरोप पोचला. खालून निर्णय झाला. आज आणखी माल टाकायचा नाही. क्रेन मागे ओढून घ्यायची. हा ढिगारा बंद करून नव्या जागेचे पुढच्या आठवड्यात पाहू.

निर्णय चुकीचा नव्हता. त्यात यंत्राची काळजी होती, ढिगाऱ्याचीही होती. गावाचा विचार त्यात आला नाही. खाली कोणाला सांगावे, ही गोष्ट कोणाच्या मनात आली नाही. तसे सांगण्याची रीतच नव्हती.

या दीड तासात मुले घरातून निघाली. धुक्यातून रस्ता काढत ती शाळेकडे, मॉय रोडच्या दिशेने गेली.

९.००. उरलेला वेळ १५ मिनिटे.

शाळा भरली. त्या दिवशी पटावरची सुमारे २४० मुले शाळेत होती.

शेजारीच पँटग्लास माध्यमिक शाळा होती. तिथली मोठी मुले साडेनऊला येणार होती. त्यांतली बरीच अजून वाटेवर होती.

साधारण याच वेळी निरोप्या डोंगरावर परत पोचला. माथा आता सुमारे सहा मीटर खचलेला होता. दीड तासात आणखी तीन मीटर.

९.०० ते ९.१५.

क्रेन मागे घ्यायची होती. काम सुरू करण्याआधी कामगार चहासाठी खोपटात गेले.

शाळेत हजेरी चालू होती. एक कर्मचारी बाई मुलांकडून जेवणाचे पैसे गोळा करत होत्या.

क्रेनचा चालक खचलेल्या खड्ड्याच्या कडेला उभा होता. खड्ड्याचा तळ वर येतो आहे, असे त्याला दिसले. आधी सावकाश, मग वेगाने. आपल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. मग तो वर आलेला माल एका लाटेसारखा फुटला आणि डोंगराखाली, धुक्यात गेला.

कामगार बाहेर धावले. खालचे काही दिसत नव्हते. ओरडून सांगितले तरी ऐकायला जाईल इतके गाव जवळ नव्हते.

९.१५.

ढिगाऱ्याचा पाय पाण्याने भरलेला होता. तिथला माल आधी घसरला आणि घसरताच पातळ झाला. त्याच्या मागे वरचा माल आला. एकंदर सुमारे १ लाख १० हजार घनमीटर.

लोटाचा वेग ताशी १८ ते ३४ किलोमीटर होता. उंची सहा ते नऊ मीटर. उतारावरच्या शेतघरातली माणसे सर्वांत आधी गेली. मग लोटाने जुन्या कालव्याची जागा ओलांडली, बंद पडलेल्या रेल्वेचा बांध ओलांडला. बांधात पाण्याच्या दोन मोठ्या नळवाहिन्या होत्या. त्या फुटल्या. आधीच पातळ असलेल्या चिखलात आणखी पाणी मिसळले.

सुमारे ३८ हजार घनमीटर चिखल गावात शिरला. तो आधी शाळेवर आदळला, मग मॉय रोडवरच्या घरांवर. शाळेच्या वर्गांत तो छतापर्यंत भरला.

धुक्यामुळे शाळेतून काही दिसले नाही. आवाज ऐकू आला. वाचलेल्या मुलांनी पुढे सांगितले, की जेट विमान अगदी डोक्यावरून जात असल्यासारखा तो वाटला. काही सेकंद गेले.

जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या बाई पाच मुलांवर आडव्या झाल्या. ती पाचही मुले वाचली. बाई गेल्या.

९.२५. दहा मिनिटांनंतर.

मर्थर टिडफिलच्या पोलिसांना पहिला टेलिफोन आला. पँटग्लासला दरड कोसळली आहे, ढिगारा शाळेवर आला आहे.

तोवर आया आणि शेजारी हातांनी उकरू लागले होते. खाणीतून कामगार वर आले. जमिनीखाली अडकलेल्या माणसाला कसे काढायचे हे त्यांना ठाऊक होते. मलबा उपसण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मधूनमधून शिट्टी वाजे. शिट्टी झाली की सगळे थांबत आणि आतून कोणाचा आवाज येतो का ते ऐकत.

चिखल थांबल्यावर पुन्हा घट्ट होऊ लागला होता. कणांमधले पाणी निघून गेले की तो जड होतो, जमतो. पहिल्या तासात जे करायचे तेवढेच करता येणार होते.

९.५०.

पहिले जखमी सेंट टिडफिल रुग्णालयात पोचले.

१०.३०.

बीबीसीने बातमी दिली. आजूबाजूच्या गावांतून फावडी घेऊन माणसे निघाली. थोड्याच वेळात रस्ते भरून गेले.

११.००.

सेंट टिडफिल रुग्णालयात आतापर्यंत २२ मुले आणि पाच मोठी माणसे आली होती. एका मुलाने वाटेतच प्राण सोडले होते.

अकरानंतर ढिगाऱ्याखालून कोणीही जिवंत निघाले नाही.

दुपारी १२.००.

शाळा सुटण्याची वेळ.

संध्याकाळ आणि रात्र.

जवळचे बेथानिया प्रार्थनाघर शवागार झाले. आईवडील बाहेर रांगेत उभे राहिले. आत ओळख पटवण्याचे काम चालू होते. रात्री पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन गावात आले. दिवे लावून खोदकाम चालू राहिले. पाऊस येईल आणि वर उरलेला ढिगारा पुन्हा हलेल, ही भीती होती.

शेवटचा मृतदेह मिळायला आठवडा लागला. १४४ मृतांपैकी १०९ मुले पँटग्लास प्राथमिक शाळेच्या आत गेली. त्यांच्याबरोबर पाच शिक्षकही.

रविवार, २३ ऑक्टोबर. दोन दिवसांनंतर.

कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स दूरचित्रवाणीवर म्हणाले, की घसरण ढिगाऱ्याखालच्या नैसर्गिक, अज्ञात झऱ्यांमुळे झाली.

झरे नैसर्गिक होते. अज्ञात नव्हते. ते छापील नकाशांवर होते. गावातली माणसे लहानपणी त्या ओढ्यांत खेळलेली होती.

सोमवार, २४ ऑक्टोबर.

मृत्यूच्या कारणांची नोंद करण्यासाठी अधिकारी बसले. एका मुलाचे नाव आणि कारण वाचून झाले. गुदमरून आणि अनेक जखमांनी मृत्यू. त्याचे वडील उठले आणि म्हणाले, असे लिहू नका. नॅशनल कोल बोर्डाने जिवंत गाडले, असे लिहा.

गुरुवार, २७ ऑक्टोबर.

८१ मुलांचा आणि एका महिलेचा दफनविधी एकत्र झाला.

३ ऑगस्ट १९६७. साडेनऊ महिन्यांनंतर.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने ७६ दिवस सुनावणी घेतली, १३६ साक्षी नोंदवल्या. अहवालाने दुर्घटनेचा दोष नॅशनल कोल बोर्डावर ठेवला. दुष्टपणा कुठे आढळला नाही, असे अहवाल म्हणतो. आढळले ते अज्ञान, स्पष्ट इशाऱ्यांकडे दुर्लक्ष आणि वरून दिशा देणाऱ्याचा पूर्ण अभाव.

त्या सकाळच्या टेलिफोनचाही विचार मंडळाने केला. तार चोरीला गेलेली नसती आणि निरोप ताबडतोब पोचला असता, तरी जीव वाचले नसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे वाक्य वाचून थांबावे लागते. साडेसातला माथा तीन मीटर खचलेला दिसला तेव्हा खाली शाळेला सांगण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. धोका ओळखून निर्णय घेणारा माणूस नव्हता. गाव रिकामे करण्याची रीत नव्हती. या गोष्टी पावणेदोन तासांत उभ्या राहत नाहीत. शाळा वाचवण्याची वेळ २१ ऑक्टोबरच्या सकाळी नव्हती. ती १९५८च्या ईस्टरला होती, नकाशा उघडून पाहण्याची. ती १९६३च्या ऑगस्टमध्ये होती आणि नोव्हेंबरमध्येही. ती १९६५मध्ये होती, जुने टिपण पुन्हा हातात आले तेव्हा.

कोणाचीही नोकरी गेली नाही. कोणावरही खटला झाला नाही. प्रत्येक मुलामागे पाचशे पौंड भरपाई ठरली. डोंगरावर उरलेले ढिगारे हटवा, अशी गावाची मागणी होती. ते हटवण्याच्या खर्चासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ही रक्कम १९९७मध्ये परत मिळाली, व्याजाशिवाय.

१९६९.

ब्रिटिश संसदेने खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी कायदा केला. ढिगारा सुरक्षित ठेवणे ही पहिल्यांदाच कायदेशीर जबाबदारी झाली.

त्यानंतर.

२९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या लालमटिया येथे उघड्या कोळसाखाणीत मातीचा ढिगारा कोसळून २३ कामगार गेले. चंद्रपूर आणि वणीच्या खाणींभोवतीही असे मातीचे डोंगर उभे आहेत.

सह्याद्रीत ढिगारे माणसाने रचलेले नाहीत, पण काम पाणीच करते. कातळावर मुरमाड माती असते. पावसाचे पाणी मातीतून उतरते, कातळाशी अडते, आणि दोन्हींमधली पकड सुटते. माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरडीखाली गेले. तळिये २२ जुलै २०२१ रोजी. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

उतार सुटण्याआधी खुणा देतो. जमिनीला भेग पडते. झाडे, विजेचे खांब कलतात. दारे चौकटीत बसेनाशी होतात. नेहमीचा झरा अचानक गढूळ होतो, किंवा आटतो, किंवा नव्या जागी फुटतो. या खुणा गावातल्या कोणाला ना कोणाला दिसतात. ॲबरफॅनमध्येही दिसल्या होत्या. शेतकऱ्याला थोडे माहीत होते, अभियंत्याला थोडे, नगरसेविकेला थोडे, दोन आयांना थोडे, क्रेनवरच्या कामगारांना थोडे. सगळ्यांचे मिळून सगळे माहीत होते. ते एकत्र करणे हे कोणाचेच काम नव्हते.

ज्या उताराखाली माणसे राहतात त्या प्रत्येक उताराबद्दल एक प्रश्न विचारता येतो. याच्यात पाणी कुठून येते आणि ते बाहेर कुठे पडते? उत्तर शोधणे आणि ते चुकते आहे असे दिसले की गाव हलवणे, हे काम एका ठरावीक माणसाकडे असले पाहिजे. त्याचे नाव गावाला ठाऊक असले पाहिजे. आणि ते पावसाळ्याआधी ठरलेले असले पाहिजे.